टेक्सासमध्ये राहायला येताय? घराआधी जमीन बघा

निर्गुडी

गेल्या दोन महिन्यांत ओळखीतल्या तिघांचे फोन आले, आणि तिघांचा प्रश्न एकच. "टेक्सासला नोकरी मिळतेय, तिकडे टॅक्स नाही म्हणे, घरंही स्वस्त आहेत, येऊ का?" तिघांना तेच सांगून झालं, तेव्हा वाटलं की एकदा सविस्तर लिहूनच ठेवावं. आम्ही २०१८ साली न्यू जर्सीहून डॅलसच्या उत्तरेला आलो. दीड वर्ष भाड्याने राहिलो, मग घर घेतलं. ह्यूस्टन-ऑस्टिनकडच्या मंडळींनी भर घालावी आणि माझं चुकलं असेल तिथे बिनधास्त दुरुस्त करावं.

आधी आकार डोक्यात बसू द्या. महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं, जवळजवळ सात लाख चौरस किलोमीटरचं राज्य. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या २ कोटी ९१ लाख. काउंट्या २५४. इंटरस्टेट १० हा रस्ता एकट्या टेक्सासात साधारण ८८० मैल धावतो, आणि त्याच्या पश्चिम टोकाला एल पासोत पोचलात की घड्याळ एक तास मागे करावं लागतं. त्यामुळे "टेक्सासची हवा कशी आहे?" याला एक उत्तर नाही. ह्यूस्टनला मुंबईसारखा घाम आणि वादळांचा मोसम, डॅलसला भाजून काढणारा उन्हाळा, वसंतात गारा आणि हिवाळ्यात एखाद-दोन दिवस बर्फ. नोकऱ्यांचंही तसंच. ह्यूस्टनला तेल-वायू आणि टेक्सास मेडिकल सेंटर, डॅलसकडे बँका, टेलिकॉम आणि मोठमोठ्या कंपन्यांची मुख्यालयं, ऑस्टिनला चिप्स आणि सॉफ्टवेअर.

आता टॅक्स. राज्याचा आयकर नाही हे खरं आहे, आणि २०१९ मध्ये मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून तो लावायला बंदीच घातली. पण शाळा, रस्ते, पोलीस यांचा पैसा कुठून तरी यायलाच हवा. तो येतो तुमच्या घरातून. आयकर असलेल्या राज्यातून येणारा माणूस पगाराची स्लिप पाहून खूश होतो आणि घराचं बिल पाहून गप्प होतो. उदाहरण म्हणून ४,५०,००० डॉलरचं घर धरा आणि सगळे दर मिळून २.२ टक्के. वर्षाला ९,९०० डॉलर. तुम्ही स्वतः त्या घरात राहत असाल तर होमस्टेड सवलत मिळते. शाळेच्या करापुरते घराच्या किमतीतून १,४०,००० डॉलर वजा होतात (२०२३ ला ही रक्कम १,००,००० झाली, २०२५ ला १,४०,०००). शाळेचा दर १.१ टक्के धरला तर १,५४० वाचले. तरी महिन्याला सातशेच्या आसपास उरतातच, आणि कर्ज फिटलं तरी ते संपत नाहीत.

ही सवलत आपोआप मिळत नाही. काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे (करासाठी घरांची किंमत ठरवणारं कार्यालय) अर्ज करावा लागतो, तो फुकट असतो, आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर त्याच घराचा पत्ता असावा लागतो. अर्ज भरून देतो म्हणून पैसे मागणारी पत्रं येतात, ती सरळ फाडून टाका. एकदा सवलत लागू झाली की पुढच्या वर्षापासून करासाठी धरलेली किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही.

आम्ही फसलो ते "मड"मध्ये. शहराच्या हद्दीबाहेर नवी वसाहत उभी राहते तेव्हा पाणी आणि सांडपाण्याची सोय करायला म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट, म्हणजेच मड, स्थापन होतो. तो बाँड काढून पैसे उभे करतो आणि तिथले रहिवासी करातून ते फेडतात. त्याची नोटीस खरेदीदाराला कायद्याने द्यावी लागते. आम्हालाही दिली होती, पण कागदांच्या जाड गठ्ठ्यात ती वाचायची राहिली. आमच्या गल्लीला एकूण दर २.७ टक्के होता, आणि चौकापलीकडच्या जुन्या वसाहतीत १.९. घरं दिसायला सारखी, शाळाही एकच.

नव्या घरात आणखी एक धक्का बसतो. कर १ जानेवारीला जे उभं असेल त्यावर लागतो. घर मार्चमध्ये बांधून झालं तर पहिल्या वर्षी नुसत्या प्लॉटचा कर येतो, कराचे पैसे कर्जाच्या हप्त्यातच घेणारी बँकही हप्ता त्यावरच ठरवते, आणि दुसऱ्या वर्षी हप्ता एकदम वर जातो. आमच्या शेजारच्या जोडप्याला त्या महिन्यात गाडी विकावी लागली. आम्हा दोघांना त्याचं फार वाईट वाटलं, कारण हे त्यांना कुणीतरी पाच मिनिटांत समजावता आलं असतं.

चाफेकळी

निर्गुडीताई, अगदी वेळेवर धागा काढलात. आम्ही सध्या मिशिगनला आहोत, नवऱ्याला डॅलसजवळच्या प्लेनोची ऑफर आहे. मुलगा सप्टेंबरच्या २० तारखेला पाच वर्षांचा होईल. शाळा आणि विजेबद्दल कुणी लिहाल का? वीज कंपनी आपण निवडायची असते म्हणे, त्याने गोंधळ उडालाय.

वऱ्हाडी_मी

ताईंनी कर छान सांगितला. मी जमिनीबद्दल सांगतो, कारण हे कुणी सांगतच नाही.

मी मूळचा अकोल्याकडचा. वडिलांची कोरडवाहू शेती, कपाशी आणि तूर. २०१५ ला डॅलसजवळ घर घेतलं. पहिल्याच ऑगस्टमध्ये मागच्या अंगणात गवताखाली भेग दिसली. सहज हात घातला तर मनगटापर्यंत आत गेला. माती काढून बोटांत चुरली आणि क्षणभर मला सुचेना काय बोलावं. ती आमच्याच शेतातली माती होती! तीच काळी, तसंच वाळल्यावर दगड आणि ओली झाल्यावर लोण्यासारखी चिकट. बायकोला हाक मारून दाखवली.

पुढे वाचलं तेव्हा कळलं की वाटणं बरोबर होतं. डॅलसपासून वेको, ऑस्टिन करत सॅन अँटोनियोपर्यंत काळ्या मातीचा पट्टा आहे, त्याला ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात. एकेकाळी इथेही कपाशीच पिकायची. 'ह्यूस्टन ब्लॅक' ही टेक्सासची राज्य-माती मानली जाते, आणि ती आणि आपली रेगूर दोन्ही एकाच गटातल्या, व्हर्टिसॉल. पाणी मिळालं की फुगतात, वाळलं की आक्रसतात.

शेतात ही माती सोनं आहे. घराखाली मात्र ती दर वर्षी श्वास घेतल्यासारखी वरखाली होते. इथे घरांना बहुतेक तळघर नसतं, काँक्रीटची सपाट स्लॅब आणि त्यावर घर. उन्हाळ्यात कडेची माती आक्रसते, मधली ओली राहते, आणि स्लॅबच्या कडा खाली झुकतात. ऑगस्टमध्ये बेडरूमचा दरवाजा चौकटीला घासायला लागतो, पाऊस पडला की नोव्हेंबरात आपोआप मोकळा होतो. खिडकीच्या कोपऱ्यातून विटांमध्ये जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची चीर जाते. ही चिन्हं ओळखायला शिका.

उपाय आपल्याकडच्या ठिबकसारखाच. भिंतीपासून दीडेक फुटावर सगळ्या बाजूंनी झिरपणारा सोकर होज टाकायचा आणि उन्हाळ्यात थोडंथोडं पाणी देत ओल सारखी ठेवायची. भेग पडल्यावर धो-धो पाणी सोडायचं नाही, त्याने एकाच जागी माती फुगते. माझे बाबा इथे आले होते तेव्हा म्हणाले, "घराले पाणी देता?" नंतर रोज संध्याकाळी नळ सोडायचं काम त्यांनीच घेतलं.

घर घ्यायच्या आधी साध्या इन्स्पेक्शनवर थांबू नका. स्ट्रक्चरल इंजिनियर बोलवून फरशीच्या उंचीची मोजमापं घ्या. काहीशे डॉलर लागतात. फाउंडेशनखाली खांब घालायची वेळ आली तर हजारोंनी जातात, आणि घराच्या नेहमीच्या विम्यात जमिनीची ही हालचाल सहसा धरत नाहीत.

निर्गुडी

वऱ्हाडीदादा, अंगावर काटा आला वाचताना. आमच्या अंगणातली ती माती मीही इतकी वर्षं बघतेय, पण हे कधी जोडलंच नाही.

एक भर. दर वर्षी एप्रिलच्या सुमारास घराच्या नव्या मूल्यांकनाची नोटीस येते. पटली नाही तर १५ मेपर्यंत, किंवा नोटीस निघाल्यापासून ३० दिवसांत, यातली जी तारीख नंतरची असेल तोवर आक्षेप नोंदवता येतो. वकील लागत नाही. त्यात घराचे दोष मांडता येतात. विटांतल्या चिरा, इंजिनियरचा अहवाल, दुरुस्तीचं कोटेशन, सगळ्याचे फोटो जोडा. टेक्सासात विक्रीची किंमत सरकारला कळवायचं बंधन नाही, म्हणून अप्रेझल डिस्ट्रिक्टचा आकडा हा अंदाजच असतो. मी सहा वर्षांत चार वेळा गेले, तीन वेळा कमी झाला.

कृष्णाकाठ

ह्यूस्टनच्या पश्चिमेकडून लिहितोय. इथे प्रश्न भेगांचा कमी, पाण्याचा जास्त.

ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी वादळ येऊन थांबलं ते हलेचना. काही ठिकाणी चार-पाच दिवसांत पन्नास इंचांहून जास्त पाऊस पडला. शहराच्या पश्चिमेला अ‍ॅडिक्स आणि बार्कर हे दोन तलाव आहेत, १९४० च्या दशकात पुरापासून शहर वाचवायला बांधलेले. एरवी ते कोरडेच असतात, आत झाडी, मैदानं, सायकलचे रस्ते. पण पाणी साठलं की ते सरकारी हद्दीच्या बाहेर, मागच्या वसाहतींमध्ये पसरतं. आणि दरवाजे उघडले की बफेलो बायू या शहरातून वाहणाऱ्या ओढ्याच्या काठची घरं पाण्यात जातात. हार्वीत दोन्ही झालं. हजारो घरं अशी बुडाली की ज्यांच्या मालकांना आपण तलावाच्या पोटात राहतो हे माहीतच नव्हतं.

मी सांगलीचा. २००५ ला आमच्या घरात पाणी शिरलेलं मी पाहिलंय, २०१९ ला आईवडिलांना बोटीतून काढलं. तेव्हा मी इथून फक्त फोन करत होतो. म्हणून हात जोडून सांगतो, ह्यूस्टन भागात घर बघताना फेमाचा (केंद्र सरकारची आपत्ती-व्यवस्थापन संस्था) पूरनकाशा उघडा, पण तेवढ्यावर विसंबू नका. हार्वीत बुडालेली कितीतरी घरं नकाशावर धोक्याच्या पट्ट्याबाहेर होती. विक्रेत्याच्या डिस्क्लोजर फॉर्ममध्ये आता आधीच्या पुराबद्दल आणि घर तलावाच्या फ्लड पूलमध्ये, म्हणजे तलाव भरल्यावर पाणी पसरतं त्या भागात, आहे का याबद्दल लिहावं लागतं. तो कागद ओळ न् ओळ वाचा. मग शेजारच्या दोन घरांची बेल वाजवा आणि विचारा, हार्वीत पाणी कुठपर्यंत आलं होतं. लोक मनापासून सांगतात. आम्ही बघत होतो त्या एका घराच्या शेजारच्या आजींनी गॅरेजच्या भिंतीवर पेन्सिलने केलेली खूण दाखवली होती, माझ्या कमरेइतकी. आम्ही ते घर घेतलं नाही, तीन गल्ल्या सोडून चढावर घेतलं.

घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. राष्ट्रीय पूरविम्याला साधारणपणे ३० दिवसांची मुदत असते, म्हणजे वादळ समुद्रात दिसल्यावर घेतलेल्या विम्याचा त्या वादळाला उपयोग नाही. मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. मे संपायच्या आत विम्याचे कागद तपासायचे हा आमच्या घरचा नियम.

रानजाई

ऑस्टिनहून. चाफेकळी, विजेचं असं आहे की बऱ्याच टेक्सासात तुम्ही विक्रेता निवडता, पण ऑस्टिन आणि सॅन अँटोनियोत वीज शहराच्या मालकीच्या कंपनीची, तिथे निवड नाही. ग्रामीण भागात सहकारी संस्था आहेत. प्लेनोत निवडावी लागेल. तारा आणि खांब सगळ्यांचे तेच असतात, त्यामुळे विक्रेता बदलला म्हणून वीज जास्त-कमी जात नाही.

पॉवर टू चूज ही राज्य सरकारची साइट आहे, तिथेच तुलना करा. मोठ्या अक्षरातला दर बघू नका, 'इलेक्ट्रिसिटी फॅक्ट्स लेबल' नावाचा कागद उघडा. त्यात ५००, १००० आणि २००० युनिटला सरासरी दर दिलेला असतो. काही योजनांत १००० युनिट झाले की मोठी सूट असते, आणि ९८० वापरलेत तर ती पूर्ण जाते. माझ्या बहिणीने ह्यूस्टनला अशी योजना घेतली आणि थंडीतले तीन महिने दुपटीने पैसे भरले. सरळ एका दराची योजना घ्या. एक चांगला नियमही आहे. तुम्ही घरच बदललंत तर मुदतीआधी करार मोडल्याचा दंड लावता येत नाही.

ऑस्टिनबद्दल दोन गोष्टी. २०२३ च्या उन्हाळ्यात सलग सहा आठवड्यांहून जास्त दिवस पारा रोज १०० फॅरेनहाइटच्या वर होता. आणि डिसेंबर ते फेब्रुवारी इथल्या ज्युनिपर झाडांचे पराग उडतात, त्याला सीडर फीवर म्हणतात. दमा असलेल्यांनी हा विचार करूनच यावं. माझ्या मुलीला दर जानेवारीत त्रास होतो.

निर्गुडी

विजेचा विषय निघाला म्हणून फेब्रुवारी २०२१ सांगतेच. टेक्सासच्या बऱ्याच भागाचं वीजजाळं स्वतंत्र आहे, एर्कॉट नावाचं, बाकी देशाशी अगदी थोडं जोडलेलं. त्या आठवड्यात डॅलसला उणे १९ सेल्सियस झालं, वायूच्या विहिरी आणि वीजकेंद्रं गोठली, आणि ४५ लाखांहून जास्त घरांची वीज गेली. राज्याच्या मोजणीत २४६ माणसं गेली. आमच्याकडे ५२ तास वीज नव्हती. एकाच खोलीत चौघं, दाराच्या फटीत टॉवेल खुपसलेले, आणि सासूबाई कॅम्पिंगच्या शेगडीवर परसदारी मुगाची खिचडी करत होत्या. शेजारच्या चार घरांना त्यांनी डबे दिले.

त्यानंतर केंद्रांना थंडीची तयारी सक्तीची झाली. तरी तुमच्या हातात जे आहे ते करा. मेन वॉटर व्हॉल्व कुठे आहे ते पहिल्याच दिवशी शोधा आणि तो बंद करून बघा. बाहेरच्या नळांना टोप्या घाला. कडाक्याच्या रात्री नळ बारीक धारेवर सोडा. गोठलेला पाइप वितळतो तेव्हा फुटलेला कळतो, आणि त्या आठवड्यात प्लंबर मिळत नव्हता. गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवून किंवा घरात कोळसा पेटवून ऊब घ्यायची नाही. त्या वादळात कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावली.

जास्वंद

मी इथल्या सरकारी शाळेत शिकवते. चाफेकळी, किंडरगार्टनला १ सप्टेंबरपर्यंत पाच वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे तुमचा मुलगा यंदा प्री-केमध्ये, म्हणजे त्याच्या आधीच्या वर्गात, जाईल. आणि हे बऱ्याच मराठी पालकांना माहीत नसतं, ज्या मुलाला इंग्रजी बोलता-समजता येत नाही त्याला सरकारी प्री-के फुकट मिळू शकतं. घरी मराठीच बोलत असाल तर फॉर्ममध्ये घरची भाषा मराठी असं खरं तेच लिहा. शाळा त्याची चाचणी घेईल. मराठी लिहिलं तर मूल मागे पडेल या भीतीने पालक इंग्रजी लिहितात, त्याचं मला फार वाईट वाटतं. त्याचा हक्क जातो आणि मिळणारी मदतही.

शाळा शहराच्या नसतात, स्वतंत्र स्कूल डिस्ट्रिक्टच्या असतात, आणि त्यांच्या हद्दी शहराशी जुळतातच असं नाही. पत्ता फ्रिस्कोचा आणि शाळा दुसऱ्याच डिस्ट्रिक्टची असं सर्रास होतं. जाहिरातीवर न जाता डिस्ट्रिक्टच्या साइटवर घराचा नंबर टाकून बघा.

मोठी मुलं असतील तर १९९७ चा कायदा माहीत हवा. राज्यातल्या शाळेत वर्गाच्या वरच्या दहा टक्क्यांत आलेल्या मुलांना सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या विद्यापीठात ही मर्यादा आणखी कडक आहे, सहा टक्क्यांवरून २०२६ च्या प्रवेशांना पाच टक्के झाली. आपल्या लोकांची झुंबड ठरावीक चार शाळांकडे असते, आणि तिथे उत्तम मुलगीही बाराव्या टक्क्यात राहते. अशी रडवेली मुलं माझ्यासमोर बसलेली आहेत. थोड्या कमी नावाच्या शाळेत तीच मुलगी वरच्या पाच टक्क्यांत असती.

एक नाजूक पण आवश्यक गोष्ट. २०२२ पासून इथे गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आहे, आईच्या जिवाला किंवा शरीराच्या एखाद्या महत्त्वाच्या कार्याला गंभीर धोका असेल तेवढाच अपवाद. मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या जोडप्यांनी डॉक्टरशी आधी मोकळं बोलून घ्यावं. आणि २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. मुलं कुणाकडे खेळायला जातात तेव्हा "घरात बंदूक आहे का, कुलपात असते का?" हे मी विचारते. कुणी रागावत नाही.

कृष्णाकाठ

किरकोळ राहिलेलं: आल्यावर गाडीची नोंदणी ३० दिवसांत, लायसन्स ९० दिवसांत. अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, निघायच्या आधीच घ्या. गाडीची वार्षिक सेफ्टी तपासणी २०२५ पासून बंद झाली, पण ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन, एल पासो भागांत धुराची तपासणी आहेच. टोलचा टॅग पहिल्याच आठवड्यात घ्या, टपालाने येणारं बिल महाग पडतं. लाल मुंग्यांच्या वारुळावर अनवाणी पाय देऊ नका.

चाफेकळी

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही येतोय. पहिलं वर्ष भाड्यानेच राहणार हे काल ठरलं, आणि प्री-केचा फॉर्म आला तर घरची भाषा मराठी लिहिणार.

एक घर आवडलंय, १९९४ चं, मड नाही, दर १.८ टक्के. काल एजंटला व्हिडिओवर सगळे दरवाजे उघडून-मिटून दाखवायला सांगितलं. मागच्या बेडरूमच्या दरवाजाच्या वर एका बाजूला फट जाड आहे, दुसऱ्या बाजूला नाहीशी होते. भाड्याचं ठरलं असलं तरी जीव त्या घरात अडकलाय.

वऱ्हाडी_मी

त्या बेडरूमच्या बाहेर मोठं झाड आहे का? कुठलं, आणि भिंतीपासून किती फुटांवर?

चाफेकळी

आत्ता एजंटला विचारलं. लाइव्ह ओक, सात-आठ फुटांवर. खूप सुंदर आहे, त्याच्यामुळेच घर आवडलं होतं.

वऱ्हाडी_मी

मग तेच झाड त्या कोपऱ्याची ओल पितंय, निदान मला तसं वाटतं. झाड पाडायची घाई कुणाला करू देऊ नका, जुनं झाड गेलं की माती उलट फुगते. मालक तयार असेल तर इंजिनियरकडून आता एकदा आणि पाऊस झाल्यावर नोव्हेंबरात एकदा मोजणी करून घ्या, दोन्ही आकडे शेजारी ठेवा. फरक कितीचा आला ते इथे टाका, मी बघतो.